तेरा अंश पाच कला: समुद्रावर मोजलेले कोन किती खरे होते?

मद्रासला बंदर नव्हतं. इंग्रजांनी १६३९ मध्ये जागा मिळवली, किल्ला उभारला, व्यापार वाढवला. पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जहाजं उघड्या समुद्रातच नांगर टाकून डुलत राहायची. माणसं आणि माल काथ्याने शिवलेल्या मसुला होड्यांतून लाटा फोडत किनाऱ्याला लागायचा. त्यात किनारा सपाट. आपल्या कोकणातल्या तांडेलाला दिवसा निदान कर्नाळ्याचा सुळका तरी ओळख देतो, मागे सह्याद्रीची भिंत असते. चोळमंडल किनाऱ्यावर वाळू, ताडांची रांग आणि पुन्हा वाळू. सेंट थॉमस माउंट नावाची टेकडी आहे, तीही जेमतेम तीनशे फुटांची.

अशा जागी जहाज आणायचं तर एकच आकडा हाताशी हवा: तेरा अंश पाच कला उत्तर. किनारा साधारण उत्तर-दक्षिण धावतो. त्यामुळे रेखांश चुकला तर जमीन अपेक्षेच्या आधी किंवा नंतर दिसेल, एवढंच. अक्षांश चुकला तर मात्र भलत्याच ठिकाणी दिसेल. नैऋत्य मान्सूनमध्ये वारा आणि प्रवाह दोन्ही उत्तरेला ओढतात, म्हणून जमीन मद्रासच्या थोडी दक्षिणेला गाठायची. ईशान्य वाऱ्यांत नेमकं उलटं. अंदाज हुकून जहाज वाऱ्याखाली गेलं की परत वर चढायला दिवसच्या दिवस जायचे. अक्षांशाची एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, म्हणजे एक सागरी मैल, सुमारे १.८५ किलोमीटर. तेव्हा हलत्या फळीवर उभं राहून आकाशातला कोन किती कलांपर्यंत खरा मोजता येई, हा प्रश्न इथे पुस्तकी नव्हता.

या प्रश्नाची उत्तरं दोन टोकांची मिळतात. एका बाजूला युरोपीय यंत्रांच्या इतिहासात आपल्याकडच्या खलाशांचं लाकडी फळकूट तळटीपेत ढकललेलं असतं. दुसऱ्या बाजूला ‘आमच्याकडे सगळं आधीच होतं’ म्हणणारे त्याच फळकुटाला सेक्स्टंट या युरोपीय कोनमापकाच्या शेजारी बसवतात. दोघेही एकच गोष्ट टाळतात: आकडे.

आधी ते फळकूट. अरबी खलाशी त्याला कमाल म्हणत. तमिळ किनाऱ्यावर तेच राप्पलगै. लहान चौकोनी लाकडी पाटी, तिच्या मध्यातून ओवलेली दोरी आणि दोरीला गाठी. गाठ दातांत धरायची किंवा नाकाशी लावायची, दोरी ताणायची, पाटीची खालची कड क्षितिजावर टेकवायची आणि वरच्या कडेवर ध्रुवतारा बसतो का ते पाहायचं. जेम्स प्रिन्सेपने १८३६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात अरबांच्या या साधनांवर टिपण लिहिलं. कॅप्टन काँग्रीव्ह या मद्रासच्या लष्करी अधिकाऱ्याने १८५० मध्ये ‘मद्रास जर्नल ऑफ लिटरेचर अँड सायन्स’मध्ये चोळमंडलच्या खलाशांच्या युक्त्या नोंदवल्या, त्यात हे साधन आहे आणि गाठी किनाऱ्यावरच्या गावांच्या आहेत. म्हणजे मद्रासमध्ये वेधशाळा उभी राहून अर्धशतक उलटलं होतं, तरी किनाऱ्यालगतच्या गलबतांवर दोरी चालूच होती. अलीकडच्या काळात मुंबई विद्यापीठातले भूगोलाचे प्राध्यापक बी. अरुणाचलम यांनी या देशी नौकानयनाचा चिकाटीने अभ्यास केला. मराठी वाचकांत त्यांचं काम व्हायला हवं तेवढं पोचलेलं नाही.

आता याचा अचूकपणा. समजा पाटी चार सेंटिमीटर उंच आहे. मद्रासचा कोन पकडायला ती डोळ्यापासून १७.४ सेंटिमीटरवर धरावी लागेल, पुदुच्चेरीसाठी १९.१ आणि नागपट्टिणमसाठी सुमारे २१.२. म्हणजे मद्रास आणि पुदुच्चेरी यांच्या गाठींत पावणेदोन सेंटिमीटरचं अंतर, आणि ते अंतर अक्षांशाच्या १ अंश ९ कलांचं. मद्रासच्या गाठीशी दोरी एक मिलिमीटर पुढेमागे झाली की साडेचार कलांचा फरक. गाठच दोन-तीन मिलिमीटर जाड. त्यामुळे दहा-बारा कलांची, म्हणजे वीसेक किलोमीटरची चूक सहज. पाटी दुप्पट मोठी घेतली तर चूक निम्मी होते, पण हात लांबवायलाही मर्यादा आहे. अरबी खलाशी अंगुळात मोजत. वर्तुळाची अंगुळं कुणी २२४ धरी, कुणी २१०, म्हणजे एक अंगूळ १ अंश ३६ कला ते १ अंश ४३ कला. अंगुळाचा आठवा भाग म्हणजे एक झाम, साधारण बारा कला. साधनाची पोच आणि भाषेतलं सर्वांत लहान माप एकमेकांना इतकं जुळावं, हा योगायोग वाटत नाही.

पण गोम पुढे आहे. गाठ दातांत असते, डोळा तिच्या वर आणि थोडा मागे. क्षितिज डेकच्या उंचीमुळे खाली दिसतं. हवेतल्या वक्रीभवनामुळे तेरा अंशांवरचा तारा चार कला वर उचललेला दिसतो. ध्रुवतारा स्वतः खऱ्या ध्रुवबिंदूवर नाही. इसवी सन १५०० च्या सुमारास तो तिथून जवळजवळ साडेतीन अंश दूर होता. एवढ्या चुकांची बेरीज केली तर साधन निकामी ठरायला हवं. ते ठरत नाही, कारण गाठ गणिताने बांधलेली नसते. नागपट्टिणमची गाठ नागपट्टिणमलाच, त्याच डोळ्याने, त्याच दातांत धरून, तारा ठराविक स्थितीत असताना बांधलेली असते. पुढच्या खेपेला त्याच चुका तशाच पुन्हा होतात आणि एकमेकींना खाऊन टाकतात. हा खलाशी कोन मोजतच नाही; पूर्वी पाहिलेला कोन पुन्हा ओळखतो. ओळखीच्या बंदराला परत जाण्यापुरतं हे साधन त्याच्या दिसण्यापेक्षा बरंच खरं आहे. अनोळखी किनाऱ्यावर, जिथली गाठच नाही, तिथे ते ढोबळ. ध्रुवतारा जिथे क्षितिजाखाली जातो त्या विषुववृत्तापलीकडे दुसरे तारे धरावे लागत.

पोर्तुगीज आले ते या उलट गरजेने. त्यांना अनोळखी किनारे गाठायचे होते आणि त्यासाठी अंश हवे होते. त्यांच्याकडचं यंत्र म्हणजे खलाशी ॲस्ट्रोलेब: कडीने टांगलेलं धातूचं वर्तुळ, कडेला अंशांच्या रेघा, मध्ये फिरती पट्टी. ओमानच्या किनाऱ्याजवळ बुडालेल्या ‘एस्मेराल्दा’ या जहाजाचे अवशेष १९९८ मध्ये सापडले आणि २०१३ पासून उत्खनन झालं. वास्को द गामाच्या दुसऱ्या सफरीतलं हे जहाज १५०३ मध्ये बुडालं होतं. त्यात १७.५ सेंटिमीटर व्यासाची, ३४४ ग्रॅम वजनाची एक चकती मिळाली. वॉरिक विद्यापीठात लेझरने तपासल्यावर तिच्यावर पाच-पाच अंशांच्या खुणा दिसल्या आणि ती सर्वांत जुनी ज्ञात खलाशी ॲस्ट्रोलेब ठरली. एवढ्या त्रिज्येवर एक अंश म्हणजे कडेवर फक्त दीड मिलिमीटर. पाच अंशांच्या दोन खुणांमध्ये साडेसात मिलिमीटर. मधलं सगळं नजरेच्या अंदाजावर.

हा झाला जमिनीवरचा अचूकपणा. जहाजावर काय होई, याची सर्वांत प्रामाणिक साक्ष मेस्त्रे जुआंव या वैद्य-ज्योतिष्याची आहे. पोर्तुगीज कप्तान काब्रालच्या ताफ्याबरोबर तो ब्राझीलला पोचला आणि १ मे १५०० रोजी तिथून पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहिलं. जहाज इतकं हलतं की ताऱ्याची उंची चार-पाच अंशांच्या चुकीशिवाय घेताच येत नाही, आणि घ्यायचीच तर किनाऱ्यावर उतरून घ्यावी, असं त्याने त्यात स्पष्ट कळवलं. चार-पाच अंश म्हणजे जवळजवळ मद्रास आणि कन्याकुमारी यांतलं अंतर. वास्को द गामाने १४९७ मध्ये आफ्रिकेच्या सेंट हेलेना उपसागरात मोठी लाकडी ॲस्ट्रोलेब तिकाटण्यावर टांगून सूर्य मोजला, तोही किनाऱ्यावर उतरून.

कारण यंत्राच्या बांधणीतच आहे. टांगलेलं यंत्र उभी दिशा स्वतः शोधतं. जमिनीवर ती दिशा गुरुत्वाकर्षण देतं. जहाजावर प्रत्येक हेलकाव्याचा झटका त्यात मिसळतो आणि लंबक भलतीकडेच ‘खाली’ दाखवतो. कमालला ही अडचण नाही, कारण तिचा आधार क्षितिज आहे आणि क्षितिज हलत नाही. म्हणून डेकवरच्या कामापुरती, ओळखीच्या पाण्यात, तमिळ किंवा अरबी खलाशाची दोरी पोर्तुगीजांच्या पितळी चकतीला मागे टाकत होती. हे अभिमानाने फुगवून सांगायची गरज नाही. यंत्रांची रचना पाहिली की आपोआप निघतं. मात्र ॲस्ट्रोलेब सूर्य वापरते, दिवसा चालते आणि तिच्यावर वाचलेला अंश दुसऱ्याला लिहून कळवता येतो. गाठ कळवता येत नाही. नकाशे अंशांनी बनतात.

यानंतर युरोपीयांनीही क्षितिजाचाच आधार धरला. क्रॉस-स्टाफ म्हणजे काठीवर सरकणारी आडवी पट्टी, तत्त्व कमालचंच. पण सूर्याकडे थेट पाहावं लागे आणि काठीचं टोक डोळ्याच्या नेमकं कुठे टेकवलं यावर पंधरा-वीस कला इकडेतिकडे. जॉन डेव्हिस या इंग्रज दर्यावर्दीने १५९०च्या दशकात सूर्याकडे पाठ करून सावली मोजणारं बॅक-स्टाफ मांडलं. हाच डेव्हिस पुढे १६०५ मध्ये पूर्वेच्या समुद्रात सिंगापूरजवळ जपानी चाच्यांच्या हातून मारला गेला. बॅक-स्टाफच्या कमानीवर तिरप्या रेषांची जाळी असे, तिच्यावर एक-दोन कला वाचता येत. वाचता येत, म्हणून त्या खऱ्या असत असं नाही. सावलीची कड सूर्याच्या वरच्या काठाची पडते, मध्याची नाही. तेवढ्यानेच सोळा कला. शिवाय ही कड पुसट असते.

आणि मद्रासला आणखी एक खोडा. २५ एप्रिल आणि १८ ऑगस्टच्या आसपास इथे सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो. एरवी माध्यान्हीला सूर्य काही क्षण थबकल्यासारखा वाटतो, खलाशी निवांत मोजतो. डोक्यावरचा सूर्य दोन-तीन मिनिटांत पूर्वेकडून पश्चिमेकडे उडी मारतो. कोणत्या दिशेच्या क्षितिजावरून मोजायचं हेच कळत नाही. बॅक-स्टाफवाल्याने तर पाठ कुणीकडे करायची? युरोपात पारखलेलं यंत्र तेरा अंशांवर, ऐन जहाजं येण्याच्या दिवसांत, अडखळायचं. लंडनमधल्या पुस्तकांत दिलेला अचूकपणा लंडनच्या आकाशातला होता.

खरा पालट १७३१ मध्ये झाला. जॉन हॅडलीने रॉयल सोसायटीपुढे दोन आरशांचं यंत्र मांडलं. फिलाडेल्फियात थॉमस गॉडफ्रे त्याच वेळी स्वतंत्रपणे तिथेच पोचला होता, आणि न्यूटनच्या अशाच कल्पनेचा कागद ज्योतिषी एडमंड हॅलीच्या मृत्यूनंतर १७४२ मध्ये त्याच्या कागदपत्रांत मिळाला. एक आरसा सूर्याची प्रतिमा आणून क्षितिजाला टेकवतो. दोन परावर्तनांमुळे यंत्र हललं तरी सूर्य आणि क्षितिज एकत्रच हलतात, टेकलेले सुटत नाहीत. जहाजाचा हेलकावा हिशेबातूनच गेला. ४५ अंशांची कमान ९० अंश मोजते, म्हणून नाव ऑक्टंट. १७३२ च्या समुद्रावरच्या चाचणीत चुका एक-दोन कलांवर आल्या. चार-पाच अंशांपासून दोन कलांपर्यंतच्या या प्रवासातली सर्वांत मोठी उडी हीच. बारीक रेघा मारण्याचं कौशल्य नंतर आलं. १७५७ च्या सुमारास जॉन कॅम्पबेल या नौदल कप्तानाच्या सूचनेवरून कमान वाढून सेक्स्टंट झाला आणि जेसी रॅम्सडेनच्या १७७५ च्या भागयंत्राने रेघा मारण्याचं काम कारागिराच्या हातून काढून घेतलं. यंत्रं लहान झाली, पितळी झाली, विकला, म्हणजे कलेचे साठावे भाग, वाचू लागली.

तरी मद्रासच्या समुद्रात त्या विकला बऱ्याचशा शोभेच्याच. डेकवर डोळा पाण्यापासून दहा मीटर वर असेल तर क्षितिज साडेपाच कला खाली दिसतं. तेवढं वजा करायचं कोष्टकात असतं. पण पाणी आणि हवा यांच्या तापमानात फरक पडला की हेच क्षितिज आणखी कला-दोन कला वरखाली होतं आणि त्याचं कोष्टक नसतं. आजही सागरी अधिकाऱ्यांना सेक्स्टंट शिकावा लागतो. उत्तम यंत्र, सराईत हात आणि स्वच्छ क्षितिज जुळलं तर एखाद्या सागरी मैलाची खात्री, हीच हातातल्या यंत्राची मर्यादा अडीचशे वर्षं टिकून आहे.

अक्षांश असा आटोक्यात आला. रेखांशाने मात्र छळलं. फ्रेंच ज्योतिषी ल जांतीय १७६१ चं शुक्राचं अधिक्रमण पुदुच्चेरीहून पाहायला निघाला, तोवर पुदुच्चेरी इंग्रजांनी घेतलेली. ६ जूनला त्याने ते जहाजावरूनच पाहिलं. आकाश स्वच्छ, दुर्बीण हातात, आणि निरीक्षण कवडीमोल, कारण हलत्या डेकवर क्षण नेमका टिपता येईना आणि जहाज कोणत्या रेखांशावर आहे हेच नक्की माहीत नव्हतं. आठ वर्षं थांबून १७६९ मध्ये तो पुदुच्चेरीत सज्ज बसला, तर ढग आले.

त्याच १७६१ च्या अधिक्रमणासाठी इंग्रज ज्योतिषी नेव्हिल मॅस्कलिन अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटावर गेला होता. मद्रासशी त्याचं नातं घरचं: त्याची बहीण मार्गारेट हिचं लग्न १७५३ मध्ये फोर्ट सेंट जॉर्जमधल्या सेंट मेरीज चर्चमध्ये रॉबर्ट क्लाइव्हशी झालं होतं. वाटेत मॅस्कलिनने ऑक्टंटने चंद्र आणि तारे यांच्यातला कोन मोजून रेखांश काढायची पद्धत आजमावली. अंशाच्या आत रेखांश येतो, असा त्याचा दावा होता. पुढे १७६७ पासून त्याने यासाठीचं नॉटिकल अल्मनॅक काढलं. पद्धत सुंदर आणि निर्दय. चंद्र ताऱ्यांमधून तासाला अर्धा अंश सरकतो. म्हणून कोनात एका कलेची चूक झाली की वेळेत दोन मिनिटांची आणि रेखांशात अर्ध्या अंशाची. अक्षांश काढताना जी कला एक मैल होती, ती इथे तीस मैलांची झाली. सेक्स्टंटच्या विकलांना अर्थ आला तो इथे. चुकांची किंमतही मोठी होती: जेम्स हॉर्सबर्ग या दर्यावर्दीचं ‘ॲटलस’ जहाज १७८६ मध्ये दिएगो गार्सियावर आपटलं ते चुकीच्या नकाशांमुळे. मग त्याने सगळं आयुष्य हिंदी महासागराचे नकाशे दुरुस्त करण्यात घालवलं.

क्रोनोमीटर, म्हणजे समुद्रावर नेमकी वेळ राखणारी घड्याळं, आले तरी त्यांना वेळ जुळवायला भरवशाच्या रेखांशाची जागा लागते. मद्रासची वेधशाळा या गरजेतून उभी राहिली. ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी विल्यम पेट्री याने १७८६ मध्ये एगमोरला स्वतःच्या खर्चाने सुरुवात केली. मायकेल टॉपिंग या सर्वेक्षकाने कंपनीच्या मागे लागून १७९२ मध्ये नुंगम्बाक्कमला इमारत उभारून घेतली. हेतूंच्या यादीत ज्योतिष, भूगोल आणि नौकानयन तिन्ही होते. यंत्र हलू नये म्हणून पंधरा फुटांचा ग्रॅनाइटचा खांब रोवला, त्यावर अनेक भाषांत लेख कोरले. हजार वर्षांनीही इंग्रजांची उदारता लोकांना कळावी, असा त्यांचा आशय आहे.

तर या दहा टनांच्या खांबाजवळ बसून वेधशाळेचा रेखांश ठरवला जॉन गोल्डिंगहॅमने, गुरूच्या चंद्रांची ग्रहणं पाहून: ८० अंश १८ कला ३० विकला. पुढे जॉन वॉरनने तो ८० अंश १७ कला २१ विकला केला. तारायंत्राने वेळ थेट पाठवता येऊ लागल्यावर कळलं की खरा आकडा ८० अंश १४ कला ५४ विकलांच्या आसपास आहे. गोल्डिंगहॅमचं स्थान साडेसहा किलोमीटर पूर्वेला सरकलेलं होतं, समुद्रात बुडालेलं म्हणा ना. यात हलगर्जी नव्हती. गुरूचा चंद्र सावलीत जाताना दिव्यासारखा एकदम विझत नाही, हळूहळू मावळतो; कोणत्या सेकंदाला ‘गेला’ म्हणायचं ते दुर्बिणीवर आणि डोळ्यावर अवलंबून. चौदा सेकंदांची चूक पुरेशी झाली. गंमत म्हणजे ती सरकारी वेळेत गोठली. रेल्वेने देशभर वापरलेली मद्रास वेळ ग्रिनिचच्या ५ तास २१ मिनिटं १४ सेकंद पुढे होती. हे आकडे रेखांशात बदलून पाहा, गोल्डिंगहॅमचे ८० अंश १८ कला ३० विकला जसेच्या तसे निघतात. खरा फरक ५ तास २१ मिनिटांचा. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली तेव्हाच हे चौदा सेकंद गेले.

म्हणजे जहाजावरच्या कोनांचा हिशेब मांडताना जमिनीकडे संशयाने पाहायला हवं, आणि यंत्रांच्या इतिहासात ते सहसा होत नाही. १८०० च्या सुमाराला चांगल्या कप्तानाचा अक्षांश दोन-तीन कलांपर्यंत खरा होता. ज्या वेधशाळेशी ताडून तो आपलं घड्याळ लावायचा, तिचाच रेखांश साडेतीन कलांनी चुकलेला होता.

वॉरनचा आकडा तर भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात शिरला आणि एकोणिसाव्या शतकातले देशभरचे नकाशे त्यावर आखले गेले, आपल्या रत्नागिरी-कुलाब्याचेही. अशा जुन्या सर्वेक्षण नकाशावरून गावाचं किंवा किल्ल्याचं स्थान काढून आजच्या जीपीएसशी ताडून पाहायचं असेल, तर आधी समासातली टीप वाचा आणि रेखांशातून २ कला २७ विकला वजा करा.